दाराआडचे बर्लिन

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी सभासदांकडून जी छायाचित्रे येतात, त्यांत ब्रांडेनबुर्ग दरवाजा, संसदभवनाचा काचेचा घुमट आणि अलेक्झांडरप्लाट्झचा मनोरा यांचाच भरणा इतका असतो की, ज्या शहरात आपण संसार मांडले आणि मुलांना शाळेत घातले, त्या शहराशी आपली ओळख अजून पाहुण्याइतकीच आहे की काय, अशी शंका यावी. म्हणून यंदा आमची आग्रहाची विनंती अशी की, ज्या दारांवरून आपण नित्य जातो पण ज्यांच्या आत कधी डोकावत नाही, तिकडे कॅमेरा घेऊन जावे.

वेडिंग किंवा क्रॉयत्सबेर्ग भागातील जुन्या इमारतीच्या कमानीतून आत शिरले की एकामागून एक चौक लागतात. १८५३ च्या बांधकाम-नियमावलीने अशा चौकाची किमान लांबी-रुंदी ५.३४ मीटर ठरवली, ती आगीचा बंब तेवढ्यात वळतो म्हणून. आत राहणाऱ्यांच्या उजेडा-वाऱ्याचा विचार त्या मोजमापात नव्हता. गालिचे झोडपण्यासाठी रोवलेली लोखंडी दांडी, कोळशाच्या तळघराची जाळी आणि वरच्या मजल्यांवरच अडून राहिलेले ऊन यांतून त्या नियमाचा अर्थ जितका स्पष्ट होतो, तितका तो कोणत्याही दप्तरातून होणार नाही. याच वस्त्यांचा चित्रकार हाइनरिश त्सिले याला हयातीत कीर्ती मिळाली ती रेखाचित्रांनी. परंतु जुन्या शहरातील बोळांची आणि सरपणाची गाडी ओढणाऱ्या बायांची जी छायाचित्रे त्याने काढली आणि जी त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी उजेडात आली, ती आमच्या मते त्या रेखाचित्रांहून तसूभरही उणी नाहीत.

आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी पाहावी अशी एक जागा डालेममध्ये आहे. ईनेश्ट्रासे २२ या इमारतीत आज राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. १९२७ साली येथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी इरावती कर्वे संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनासाठी तेथे दाखल झाल्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, असा गुरूंचा कयास होता. कवट्यांची मोजमापे घेऊन, तसा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष या तरुण विदुषीने त्यांच्याच संस्थेत बसून मांडला. याच संस्थेकडे पुढे आउश्वित्झहून मृतांचे अवयव धाडले गेले. १९८८ पासून दाराशी त्या दुष्कृत्यांची स्मरणपट्टिका आहे. २०१४ मध्ये नजीकच्या खोदकामात मानवी अस्थी सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांचे दफन झाले. इरावतीबाईंचे ‘युगान्त’ घरोघरी वाचणाऱ्या आपल्या समाजाने या दाराचे एक छायाचित्र तरी संग्रही ठेवू नये, याची खंत वाटते.

अशी न पाहिलेली दारे गावाकडेही आहेत. प्रस्तुत लेखकाचे गाव कोकणातील फोंडाघाट. देवगड-निपाणी रस्त्यावर, घाटाच्या पायथ्याशी वसलेले. एकेकाळी वरचा मुलूख करवीर संस्थानचा आणि खालचा इंग्रजी अंमलातील रत्नागिरी जिल्ह्याचा, अशा सरहद्दीवरची ही पेठ. कोल्हापूरहून उतरणारे प्रवासी चहापुरते थांबून समुद्राच्या ओढीने पुढे जातात, आणि चिऱ्यांच्या जोत्यावरचे, खाचेत एकेक फळी सरकवून बंद होणारे दुकान कोणाच्याच चित्रात येत नाही. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी तेथेही हीच नजर ठेवावी. अंकात बर्लिनच्या चौकाशेजारी कोकणातील पडवी छापण्यास आम्हांस आनंदच होईल.

चित्राबरोबर रस्त्याचे नाव, तारीख आणि त्या जागेविषयी शेजाऱ्यांकडून कळलेल्या चार ओळी अवश्य पाठवाव्यात. त्यांवाचून चित्र अपुरे समजले जाईल. चौक ही लोकांच्या राहत्या घरांची जागा आहे, तेव्हा आत शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी. माणसांच्या छायाचित्रांबाबत तर येथे १९०७ पासून कायदाच आहे: १८९८ मध्ये मृत बिस्मार्कच्या शयनगृहात चोरून शिरून दोघांनी छायाचित्र काढले, त्या प्रकरणानंतर तो झाला. म्हणून चित्रात कोणी ओळखू येत असल्यास त्या व्यक्तीची लेखी संमती सोबत जोडावी.