चेहरा उजेडाकडे



गेल्या वर्षी आमच्या अम्मींचा इंतकाल झाला. काही दिवसांनी धाकट्या बहिणीने विचारले, "अम्मींचा एखादा चांगला फोटो असेल ना?" घरात चार मोबाईल आणि त्यांत हजारो फोटो. ईदचे, दावतींचे, मुलांच्या स्नेहसंमेलनाचे. अम्मी बऱ्याच फोटोंत होत्या. पण कुठे कडेला, कुठे पाठमोऱ्या, कुठे हललेल्या, तर कुठे खिडकीपुढे काळ्या सावलीसारख्या. शेवटी आधार कार्डावरचा फोटो तेवढा हाती लागला. त्यात चेहरा आहे, पण अम्मींचे हसू नाही.

मोबाईल वाईट नव्हते. आम्हालाच फोटो काढता येत नव्हता. म्हणून उशिरा का होईना, शिकायला बसलो. फोटोबाबत आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. ज्यांना तो नको वाटतो, त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. ज्या घरांत फोटो निघतातच, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिला धडा उजेडाचा. सुमारे १००० वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाज़िर' लिहिली. डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, तर वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे त्यांनी मांडले. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर अनेक दिवे ठेवून त्यांनी प्रयोग केले. एक दिवा झाकला की आतला त्याचाच ठिपका नाहीसा होई. कॅमेऱ्याचेही तेच आहे. चेहऱ्यावरून जेवढा उजेड भिंगापर्यंत येईल, तेवढाच चेहरा फोटोत उतरेल.

म्हणून माणसाला खिडकीपुढे पाठ करून बसवू नका. त्याचा चेहरा खिडकीकडे करा आणि आपण खिडकीच्या बाजूला उभे राहा. डोक्यावरच्या ट्यूबलाईटने डोळ्यांखाली सावल्या पडतात. दिवसा ती बंदच ठेवा, फ्लॅशही बंद. बाहेर काढायचा असेल तर वेळ ओळखणे आपल्याला सोपे आहे. सूर्योदयानंतरचा तासभर आणि असरनंतर मगरिबपर्यंतचा उजेड मऊ असतो. जुहरच्या वेळी ऊन डोक्यावर असते. तेव्हा सावलीत जा.

दुसरा धडा कपड्यांचा. कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. ईदच्या दिवशी सगळे पांढऱ्या कुर्त्यात असले की त्याला वाटते उजेड फार आहे. तो कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. काळा बुरखा फ्रेममध्ये जास्त आला तर उलटे होते, चेहरा पांढराफटक दिसतो. उपाय सोपा आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक मोबाईलमध्ये सूर्याचे चिन्ह येते. ते वर-खाली सरकवून चेहरा नीट दिसेल एवढा उजेड ठेवा.

तिसरा धडा हाताचा. आधी भिंग मऊ सुती कपड्याने पुसा. धुरकट फोटोचे कारण बहुतेक वेळा बोटाचे तेलच असते. बोटांनी झूम करू नका, दोन पावले पुढे जा. कोपरे अंगाशी घट्ट धरा, श्वास क्षणभर रोखा आणि मग बटण दाबा. एकाच्या जागी पाच फोटो काढा, चांगला ठेवा, बाकीचे त्याच दिवशी पुसून टाका. नाहीतर आमच्यासारखे हजारांत एक शोधत बसाल.

चौथा धडा अदबीचा, आणि तो सगळ्यांत मोठा. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घेण्याची ताकीद आहे. आम्हाला वाटते, कुणाच्या चेहऱ्याचेही तसेच समजावे. खालाजान पदर सावरत असताना, भाभी स्वयंपाकघरात असताना गुपचूप फोटो काढू नये. काढलेला फोटो विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नये. घरातल्या लेकीबाळींच्या फोटोंबाबत हे मुलांना आधी शिकवावे, कॅमेरा नंतर.

आणि शेवटचे, फोटो मोबाईलमध्ये सोडू नका. मोबाईल पडतो, हरवतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याचा आकार घटतो. छापायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ४ बाय ६ इंचाच्या छपाईला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे साधा मोबाईलही पुरे. वर्षातून दहा फोटो छापून घ्या. मागे नाव आणि तारीख लिहा.

गेल्या महिन्यात असरची नमाज पढून अब्बा खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. अब्बांना फोटोची फारशी हौस नाही. आम्ही विचारले, "अब्बा, एक फोटो काढू का?" चष्म्यावरून त्यांनी क्षणभर पाहिले. मग म्हणाले, "ठहरो, टोपी तो ठीक करने दो."

पाच काढले. तिसऱ्यात अब्बा हसत आहेत. तो आम्ही छापून घेतला.