पाणी आम्ही तपासायचं, निकाल कोणी वाचायचा?

आपल्या राज्यात गावाच्या पाण्याला कार्डाचे रंग आहेत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आरोग्य खात्याची माणसं विहिरी, टाक्या, हातपंप पाहून जातात. विहिरीचा ओटा फुटलाय का, नळाला गळती आहे का, सांडपाणी जवळ मुरतंय का, टीसीएल पावडरचा साठा आहे का, हे बघतात. धोका जास्त असेल तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं.

ही पद्धत चांगली आहे. गॅस्ट्रो, कॉलरा, कावीळ यांच्या साथी रोखायला ती हवीच. पण वर्धा जिल्ह्यात बायकांच्या बैठकांना जाते तेव्हा हिरव्या कार्डाचा भलताच अर्थ कानावर येतो. ‘ताई, आमच्या गावाले हिरवं कार्ड भेटलं. पानी तं काचावानी साफ हाये. मंग काहून नाही प्यायचं?’

काहून नाही, ते सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या गुणवत्ता अहवालात, नायट्रेटचा प्रश्न तीव्र असलेल्या देशातल्या 15 जिल्ह्यांची यादी आहे. तिच्यात आपला वर्धा आहे. अमरावती, यवतमाळ हे आपले शेजारीही आहेत, आणि बुलढाणाही आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि या मर्यादेत कसलीही सवलत दिलेली नाही.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. फडक्याने गाळून जात नाही, तुरटी फिरवून जात नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे त्याचं प्रमाण उलट वाढतं. बायकांना आजवर पाण्याबद्दल जे जे शिकवलं, गाळा, उकळा, झाका, ते सगळं इथे अपुरं पडतं.

सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ आणि नखं निळी पडू लागतात. अशा वेळी तडक दवाखाना गाठायला हवा. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाला हा धोका फारसा नाही. तो आहे वरच्या दुधात आणि पावडरच्या दुधात मिसळलेल्या पाण्याचा. पण बाळंतीण महिन्या-दोन महिन्यांत निंदणाला, वेचणीला जाते तेव्हा बाळाला वरचं दूधच पाजलं जातं. मग बाळाला काही झालं की घरात पहिला प्रश्न तिलाच, ‘तू काय पाजलं?’ विहिरीला कोणी विचारत नाही.

नायट्रेट येतं कुठून? शेतातल्या युरियातून, विहिरीजवळच्या उकिरड्यातून, गोठ्यातून, संडासाच्या खड्ड्यातून. म्हणजे यात आपलाही वाटा आहे, सगळं पंचायतीवर ढकलून चालणार नाही. पण उकिरडा कुठे असावा, खत किती टाकावं, खड्डा कुठे खणावा, हे घरात कोण ठरवतं? बाईला विचारून ठरतं का?

जलजीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासण्याच्या पेटीचं शिक्षण द्यायचं, असं त्यात ठरलं. त्या पेटीत नायट्रेट आणि फ्लोराइडचीही तपासणी होते. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा व्हावी, असा नियम आहे. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात बाई नमुना भरते, रंग जुळवून बघते, वहीत आकडा लिहिते. पुढे त्या आकड्याचं काय होतं, ते तिला कळत नाही. काम बायकांच्या हाती आणि निर्णय दुसऱ्यांच्या, ही जुनीच वाटणी आता सरकारी योजनेतही आली आहे.

‘आकडे जाहीर केले तर लोक घाबरतील,’ असं काही जण म्हणतात. मला वाटतं, घाबरले तर बिघडत नाही. घाबरलेला गाव दुसरा स्रोत मागतो. बेसावध गाव तेच पाणी पाजत राहतो. आणि ज्यांना परवडतं ते आजही कॅनचं पाणी विकत घेतातच. प्रश्न मजुरीवर जाणाऱ्या घरांचा आहे.

म्हणून मैत्रिणींनो, प्रत्येक गटाने एवढं तरी करावं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. त्या सभेत प्रत्येक विहिरीचा, बोअरचा, हातपंपाचा अहवाल आकड्यांसह मोठ्याने वाचायला लावावा. ते आकडे पंचायतीच्या फळ्यावर तारखेसह लिहून घ्यावेत. 45 च्या वर असेल तिथे ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी लागावी, पण आधी दुसऱ्या पाण्याची सोय व्हावी. नाहीतर पाटीमुळे बायकांची पायपीटच वाढेल. ज्या घरात तान्हं बाळ आहे तिथे आशाताईंनी हा आकडा आधी पोचवावा. उकिरडे आणि संडासाचे खड्डे विहिरीपासून किमान 15 मीटर दूर हवेत, हा ठराव ग्रामसभेतच व्हावा, घराघरांतल्या भांडणावर सोडू नये. अहवाल द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे. अर्जावर एकीने नव्हे, दहा जणींनी सह्या कराव्यात.

पाणी आणायचं काम आपल्याला कोणी विचारून दिलं नाही. ते पाणी कसं आहे, हे विचारायलाही कोणाची परवानगी नको.