पांढऱ्यावर पांढरे

पांढऱ्यावर काळे करणे हा आम्हां मराठीच्या प्राध्यापकांचा पिढीजात धंदा. पण पांढऱ्यावर पांढरे करूनही पैसे मिळवता येतात, हे मला यंदाच्या श्रावणात कळले, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या घरी.

बहीण डोंबिवलीस असते. भाजणीच्या चकल्या विकून दिवाळीत जे मिळते, त्यावर तिच्या मुलांची वर्षाची फी निघते. भाच्याने तिला संकेतस्थळ काढून दिले. "दादा, मजकूर मात्र तूच लिही हं," असे ती म्हणाली आणि मीही ऐटीत दोन पाने लिहिली. पण गूगलवर शोधणाऱ्याला हे दुकान चौथ्या पानावर सापडे. तेव्हा एक गृहस्थ भेटले. "महिन्यात पहिल्या पानावर आणतो," म्हणाले. बहिणीने २०,००० रुपये मोजले.

दुकान खरोखरच वर चढले, आणि एके सकाळी पार दिसेनासे झाले! मी धावत डोंबिवली गाठली. पान तर जसेच्या तसे होते. भाच्याने माउस दाबून ते वरपासून खालपर्यंत निळे केले मात्र, माझ्या मजकुराखालच्या कोऱ्या जागेत अक्षरे उमटली : 'चकली, खमंग चकली, स्वस्त चकली, डोंबिवली चकली...' माणसाला दिसू नये, यंत्राने तेवढे वाचावे, म्हणून पांढऱ्यावर पांढरे! (उत्तरपत्रिकेत 'करुणरस' अकरा वेळा लिहून गुण मागणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, पण ते निदान निळ्या शाईने लिहितात.)

पुढे आणखी निघाले. कल्याण, बदलापूर, पनवेल अशी गावागावांच्या नावाची पाने. गाव तेवढे निराळे, बाकी अक्षरही बदललेले नाही. शिवाय विकतच्या शिफारशी. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना १९९८ साली जी युक्ती मांडली, तिचे मर्म असे की, इतर पाने ज्या पानाकडे दुवा देतात ते पान महत्त्वाचे मानावे. झाले! लोकांनी दुव्यांचा बाजार मांडला. टायर विकणारी आणि लग्ने जुळवणारी कुठली कुठली संकेतस्थळे आमच्या चकलीची शिफारस करीत होती.

मोठ्यांचेही पाय या चिखलात रुतले आहेत. २००६ साली बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या यादीतून काढून टाकले. यंत्रासाठी जुन्या मोटारींच्या शब्दांनी भरलेली पाने, आणि माणूस आला की त्याला भलत्याच पानावर नेणारी दारे, असा तो मामला होता. कंपनीने ती पाने काढली आणि काही दिवसांत तिला परत प्रवेश मिळाला. पण बीएमडब्ल्यू दिवाळीवर थोडीच अवलंबून असते!

भाच्याने दोन रात्री बसून सगळी घाण उपसली, विकतचे दुवे काढायला लावले आणि चूक कबूल करून फेरविचाराचा अर्ज केला. ते गृहस्थ आता फोन उचलत नाहीत.

माझा मजकूरही बहिणीने काढला. "दादा, तुझ्या त्या 'खुसखुशीत परंपरे'त चकली कशी करतात ते कुठे आहे?" तिने स्वतःच लिहिले : तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धने, जिरे वेगवेगळे कसे भाजायचे, मोहन किती, चकली मऊ का पडते. एका जागी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. मी हात लावला नाही.

अर्जाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. भाजणी मात्र दळून आली आहे. पंधरा किलो.