दादीचा आवाज, बिट आणि साउंड कार्ड

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज टिपून ठेवावा, असं आज पुष्कळांना वाटतं. दादीची हळदीची गाणी, नानीचे गावाकडचे किस्से, अब्बांची नआत. फोनवर थोडंफार घेतलेलंही असतं, पण पंखा, कुकर आणि हॉर्न यांत आवाज बुडालेला असतो. मग कुणीतरी सुचवतं, "२४ बिटचं साउंड कार्ड घ्या." पैसे घालण्याआधी हा हिशेब समजून घेऊ.

आवाजाचं मोल काय, याचं उदाहरण पुण्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवून लिहून काढल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीनं या कामाला ध्वनिमुद्रणाची जोड मिळाली. ते सुमारे १२० तासांचं आहे. एक लाख ओव्यांवर वाटलं, तर ओवीमागे जेमतेम चार सेकंद येतात. शब्द राहिले, पण बहुतेक गळे गेले. आपल्या घरात तर शब्दही कुणी लिहिलेले नसतात.

आता बिट म्हणजे काय? संगणक आवाजाची लहर सेकंदाला हजारो वेळा मोजतो. ती मोजपट्टी किती बारीक, हे बिटांवर ठरतं. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या, २४ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांहून अधिक. एका बिटामागे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ६ डेसिबलनी वाढतं. म्हणून १६ बिटला सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटला १४४. हे १४४ मात्र कागदावरच. चांगली यंत्रंही प्रत्यक्षात १२० च्या आसपास थांबतात. १९८२ साली बाजारात आलेली सीडी १६ बिटांचीच आहे.

आता शनिवार पेठेतली एखादी खोली घ्या. खिडकीबाहेर रिक्षा, पावसाळ्यात नदीकाठी ढोल-ताशांचा सराव. दिवसा खोलीतच ४० डेसिबलचा गलबला असतो. फूटभरावरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज सुमारे ७०. मधलं अंतर ३० डेसिबल. तेवढ्याला १६ बिट पुरून उरतात.

तरीही २४ बिटची सोय असेल तर ती घ्यावी, असं आम्ही सांगू. दादी हळू बोलता बोलता एकदम खळखळून हसते. तेव्हा आवाजाची पातळी वर ठेवलेली असेल तर तो फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा नीट होत नाही. २४ बिटमध्ये पातळी निर्धास्त खाली ठेवता येते. मोठ्यात मोठा आवाज शून्याच्या १२ डेसिबल खाली राहू द्या, नंतर वाढवता येतो. जागा दीडपट लागते, एवढंच. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकच मायक्रोफोन, तर तासाला सुमारे ५२० मेगाबाइट.

कार्ड घेताना खोक्यावरचा २४ हा आकडा पाहून भुलू नका. मायक्रोफोनचा बारीकसा आवाज वाढवणारा भाग किती शांत आहे, ते महत्त्वाचं. लॅपटॉपच्या छोट्या छिद्रात माइक लावला की बऱ्याचदा सूं सूं ऐकू येते. त्यापेक्षा यूएसबीवर चालणारी वेगळी पेटी बरी. कंडेन्सर माइक घेणार असाल तर ती ४८ व्होल्ट देते का, हे विचारा. गजबजलेल्या वस्तीत जवळून बोलायचा डायनॅमिक माइक अधिक सोयीचा. शेजारच्या बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत चौकशीला जाल, तर हेडफोन सोबत न्या. माइक लावून, आवाज वाढवून, काहीही न बोलता ऐका. किती सूं सूं येते ते तिथंच कळेल.

आणि फुकटातली कमाई विसरू नका. माइक तीन फुटांवरून नऊ इंचांवर आणला, तर खोलीच्या गलबल्यापेक्षा आवाज १२ डेसिबलनी उठून येतो. बिटांच्या भाषेत हे दोन बिट झाले. जाड पडदे ओढा, अंगाखाली गोधडी घाला, पंखा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवा, लॅपटॉप चार्जर काढून चालवा. फजरनंतरचा तास सर्वांत शांत.

फाइल वेव्हमध्येच ठेवा, एमपीथ्री फक्त पाठवण्यासाठी. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी. सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. पण या सगळ्याआधी दादीला विचारा. आपला आवाज घराबाहेर जाऊ नये असं तिचं म्हणणं असेल, तर ती अमानत आहे. कुटुंबाच्या ग्रुपवरही टाकू नका.

घरात जुन्या कॅसेट असतील तर त्या इतक्यात टाकून देऊ नका. त्यांचं काय करायचं, ते पुढच्या अंकात पाहू.