'भरून टाका' म्हणणाऱ्यांना उत्तर

जीएसटीच्या ऑडिटची नोटीस आली की बाजारपेठेत सल्ल्यांना तोटा नसतो. फिरून फिरून ते सगळे एकाच जागी येतात : जे काय निघेल ते भरून टाका आणि मोकळे व्हा. शेजारचा दुकानदार हेच सांगतो, असोसिएशनच्या बैठकीत चहा घेता घेता हेच सांगितलं जातं, आणि बऱ्याचदा खुद्द कर सल्लागारही हेच सांगतो. जोडीला 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण तयारच असते. सल्ला ऐकायला व्यवहारी वाटतो. माझ्या मते तो हिशेबातच कच्चा आहे, आणि उभा जन्म हिशेब करण्यात गेलेली माणसं तो बिनदिक्कत मान्य करतात याचं मला नवल वाटतं.

पूर्वपक्षात काही तथ्य नाही असं नाही. चूक आपली असेल, कर खरोखर बुडाला असेल, तर भरावाच. आणि लवकर भरणाऱ्याला कायदा सवलतही देतो. २०२३-२४पर्यंतच्या वर्षांना लागू असलेल्या कलम ७३मध्ये नोटिशीआधी, किंवा नोटीस आल्यापासून ३० दिवसांत, कर आणि व्याज भरलं तर दंड माफ होतो. २०२४-२५पासून लागू झालेल्या कलम ७४एमध्ये हीच मुदत ६० दिवसांची आहे. पण 'भरून टाका' म्हणणारा माणूस 'देणं आहे तेवढं भरा' असं म्हणत नसतो. कागद न उघडता सगळं भरा, असं त्याचं म्हणणं असतं. वाद आहे तो इथे.

मुळात ऑडिटच्या शेवटी हातात काय पडतं, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. सीएकडून करून घ्यायचं आयकराचं टॅक्स ऑडिट निराळं. कलम ६५खालचं हे ऑडिट खात्याचे अधिकारी करतात, म्हणजे आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या भाषेत आजही 'सेल्स टॅक्सवाले'. त्याची नोटीस एडीटी-०१ या फॉर्मवर, निदान १५ कामकाजी दिवस आधी यावी लागते. ऑडिट तीन महिन्यांत संपवायचं असतं. आयुक्त लेखी कारण देऊन आणखी सहा महिने वाढवू शकतात. ते संपल्यावर एडीटी-०२वर निष्कर्ष कळवतात. हे निष्कर्ष म्हणजे अधिकाऱ्याचं मत. ती मागणी नव्हे, आदेश तर नव्हेच. मागणी करायची तर पुढे रीतसर कारणे दाखवा नोटीस, तिला उत्तर, सुनावणी आणि मग आदेश, एवढा रस्ता खात्याला चालावाच लागतो. 'भरून टाका'वाले व्यापाऱ्याला गाठतात ते नेमके या रस्त्याच्या तोंडाशी, एडीटी-०२ हातात पडून तो धास्तावलेला असताना. डीआरसी-०३चं चलन भरलं जातं, फाइल बंद होते, पेढे वाटायचे तेवढे बाकी राहतात. ते पैसे पुढे परत मागायचे झाले तर पहिला प्रश्न येतो : मग तुम्ही आपणहून भरलेत कसे? भरताना 'हरकत राखून भरत आहोत' असं एक ओळीचं पत्रसुद्धा कुणी दिलेलं नसतं.

आणि फाइल खरंच बंद होते का? ऑडिट एका विशिष्ट काळाचं असतं, पण त्यात निघालेला मुद्दा बहुधा त्या काळापुरता नसतो. एखाद्या मालाला १२ टक्के लावले होते, अधिकारी म्हणाला १८ लागतात. तुम्ही एका वर्षाचा फरक मुकाट भरलात. पुढच्या वर्षांतही तोच माल, तीच बिलं, तोच दर. आता तिथे कोणत्या तोंडाने सांगणार की दर बरोबर होता? मोकळं होण्यासाठी भरलेल्या पैशांनी पुढच्या नोटिशीचा मसुदा लिहून दिलेला असतो.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते इनपुट टॅक्स क्रेडिटवर, आणि तिथलं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक लहान फाउंड्री आहे. तिने स्थानिक व्यापाऱ्याकडून भंगार घेतलं, करासकट पैसे बँकेतून दिले, क्रेडिट घेतलं. ऑडिटमध्ये निघालं की यातली काही बिलं जीएसटीआर-२एमध्ये दिसतच नाहीत. अधिकारी लिहितो, क्रेडिट अपात्र, कर अधिक व्याज अधिक दंड भरा. मालक हबकतो. खरं तर इथून कामाला सुरुवात व्हायला हवी. बिलं दिसत नाहीत ती का? पुरवठादाराने ती चुकून नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या रकान्यात दाखवली असतील, तर कर सरकारजमा झालेलाच आहे, फक्त तुमच्या नावावर दिसत नाही. २०१७-१८ आणि २०१८-१९ या पहिल्या दोन वर्षांतल्या अशा गोंधळासाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २७ डिसेंबर २०२२ला परिपत्रक क्रमांक १८३ काढलं. एका पुरवठादाराकडचा वर्षाचा फरक पाच लाखांपर्यंत असेल तर त्या पुरवठादाराचं प्रमाणपत्र पुरतं, त्याहून जास्त असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं लागतं. १७ जुलै २०२३च्या परिपत्रकाने ही सोय, काही अटी घालून, डिसेंबर २०२१पर्यंत वाढवली. म्हणजे ज्या मुद्द्यावर लाखो रुपये भरायला सांगितले जातात, त्याचं उत्तर कधी कधी एका पानाचं प्रमाणपत्र असतं.

आणि पुरवठादाराने कर बुडवला असेल तर? इथे मामला खरोखर अवघड आहे आणि तो सोपा करून सांगणाऱ्यांपासूनही जपावं. कलम १६(२)(सी) म्हणतं, कर सरकारात पोचला असेल तरच क्रेडिट. व्हॅटच्या काळात महाराष्ट्रात याच आशयाचं कलम ४८(५) होतं आणि कोल्हापूरच्याच महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२मध्ये ते वैध ठरवलं. २०२३मध्ये कर्नाटक व्हॅटवरच्या इकॉम गिल कॉफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की नुसतं बिल आणि चेकने दिलेले पैसे दाखवून भागत नाही. माल प्रत्यक्ष आला हे खरेदीदाराने सिद्ध करायचं. उलट बाजूला, त्याच वर्षी सनक्राफ्ट एनर्जी प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितलं की पुरवठादाराला हात न लावता आधी खरेदीदाराच्या मानगुटीवर बसता येणार नाही, आणि त्यावरची खात्याची विशेष अनुमती याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. म्हणजे निकाल दोन्हीकडे आहेत. अशा वेळी पारडं झुकतं ते कागदाने. ई-वे बिल, ट्रकची बिल्टी, वजनकाट्याची पावती, गेटवरचं आवक रजिस्टर, त्या दिवशी भट्टीत किती भंगार पडलं त्याची नोंद. बोगस बिलांचा धंदा भंगाराच्या व्यापारात चालतो हे काही गुपित नाही आणि अधिकाऱ्याने संशय घ्यावा हे गैर नाही. पण म्हणूनच ज्याच्याकडे खरोखर ट्रक येऊन रिकामा झाला, त्याने काट्याची पावती दाखवायला लाजू नये. ती न दाखवता पैसे भरणारा स्वतःला बोगसवाल्यांच्या रांगेत नेऊन उभा करतो.

व्याजाचंही तसंच. चुकीने घेतलेलं क्रेडिट वापरलंच नसेल, खात्यात पडून असेल, तर त्यावर व्याज लागत नाही; कलम ५०(३) 'घेतलेलं आणि वापरलेलं' असं म्हणतं, आणि तेही १ जुलै २०१७पासून. ऑडिटच्या तक्त्यात मात्र क्रेडिट घेतल्या दिवसापासून सरसकट १८ टक्के मांडलेले आढळतात. क्रेडिट लेजरची महिन्यागणिक शिल्लक काढून दाखवली की आकडा खाली येतो. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. तिथेही एक ठाम सल्ला असतो : ऑडिटवाल्यांना काही देऊ नका, काय ते अपिलात बघू. ही ऐट त्या घाबरटपणापेक्षा महाग पडते. जीएसटी नियम ११२ सांगतो की खालच्या अधिकाऱ्यासमोर न ठेवलेला पुरावा अपिलात सहसा घेतला जाणार नाही. अधिकाऱ्याने तो नाकारला होता, देता न येण्याला सबळ कारण होतं, किंवा पुरेशी संधी मिळाली नव्हती, असं काही दाखवावं लागतं. शिवाय कलम १०७(११)प्रमाणे अपिलीय अधिकारी प्रकरण फेरचौकशीसाठी खाली पाठवू शकत नाही. आदेश कायम करायचा, बदलायचा की रद्द करायचा ते त्यालाच ठरवायचं. म्हणजे काट्याची ती पावती ऑडिटमध्ये फाइलला लागली नाही तर ती पुढे लागेलच याची खात्री नाही. अपील जिंकायचं असेल तर ते ऑडिटच्या टेबलावरच लिहायला घ्यावं लागतं : प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर, प्रत्येक कागदाला क्रमांक, दिलेल्याची पोच. आणि डीआरसी-०६वर उत्तर भरताना 'वैयक्तिक सुनावणी हवी का?' असा एक रकाना येतो. तिथे 'नाही'वर टिचकी मारून पुढे जाणारे महाभाग मी पाहिले आहेत. कायदा म्हणतो, मागितली तर सुनावणी द्यावीच लागेल, आणि विरुद्ध आदेश काढायचा असेल तर न मागताही. तरी मागावी. सुनावणी न देता काढलेला आदेश पुढे टिकत नाही, आणि दिलेली सुनावणी कधी कधी खरोखर ऐकली जाते.

'अपिलातही बसलेला त्यांचाच माणूस, तो काय न्याय देणार?' ही पूर्वपक्षाची सगळ्यात वजनदार बाजू. पहिल्या अपिलाचा अधिकारी खात्यातलाच असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या वाक्यावर थांबणाऱ्यांना पुढचा हिशेब दिसत नाही. मान्य असलेली रक्कम पूर्ण आणि वादातल्या कराच्या १० टक्के भरले की उरलेली वसुली अपील चालू असेपर्यंत थांबते. वाद सहा लाखांच्या कराचा असेल तर साठ हजार भरायचे. तेही क्रेडिट लेजरमधून भरता येतात, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२२मध्ये ओॲसिस रिअल्टी प्रकरणात मान्य केलं आहे. शिवाय खात्यातल्या माणसालाही आदेश नोटिशीच्या पलीकडे नेता येत नाही : नोटिशीत नसलेला मुद्दा किंवा तिच्याहून मोठी रक्कम आदेशात घालायला कलम ७५(७) मज्जाव करतं. आणि खात्याबाहेरची पायरी इतकी वर्षं कागदावरच होती, ती आता आहे. २४ सप्टेंबर २०२५ला जीएसटी अपिलीय न्यायाधिकरणाचा प्रारंभ झाला. तिथे खंडपीठात न्यायिक सदस्य बसतात. साचलेल्या जुन्या अपिलांसाठी ३० जून २०२६ ही मुदत अधिसूचित झाली. न्यायाधिकरण नाही म्हणून अपील नाही, ही सबब संपली.

व्याजाच्या काट्याची तक्रार मात्र मी पूर्वपक्षाच्या बाजूने करीन. हरलात तर १८ टक्क्यांनी व्याज द्यायचं, जिंकलात तर आगाऊ भरलेल्या रकमेवर ६ टक्के मिळणार. सहा लाखांवर वर्षाला एक लाख आठ हजार चढत राहतात. म्हणून पुरावा लंगडा असेल, रक्कम लहान असेल, तर लढू नये. तो मुद्दा सोडावा, भरावा आणि उरलेल्यावर सगळा जोर लावावा. सरसकट लढणाराही सरसकट भरणाऱ्याइतकाच आळशी असतो. एकच मुद्दा मात्र सहसा सोडू नये : कलम ७४चा शिक्का. फसवणूक, जाणूनबुजून खोटी माहिती, वस्तुस्थिती दडवणं, हे शब्द नोटिशीत अनेकदा सवयीने चिकटवलेले असतात. त्या शब्दांनी दंड १० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर जातो आणि खात्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर. जी गोष्ट तुमच्या रिटर्नमध्येच लिहिलेली आहे ती दडवली कशी, हा प्रश्न लेखी विचारावा. फसवणूक सिद्ध झाली नाही तर प्रकरण कलम ७३चं धरून रक्कम पुन्हा ठरवावी लागते, हे कलम ७५(२)मध्ये लिहिलेलं आहे.

'थेट हायकोर्टात जाऊ' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की अपिलाची वाट मोकळी असताना उच्च न्यायालय सहसा तिकडेच परत धाडतं. अपिलाला आदेश मिळाल्यापासून तीन महिने, त्यावर सबळ कारण असेल तर एक महिना, एवढाच वेळ आहे. तेवढ्यात वसुलीही सुरू होते आणि बँकेला पत्र गेलं की खातं अडकतं.

शेवटचा प्रश्न सल्ला देणाऱ्याचा. 'भरून टाका' हा सल्ला कोण देतं, हे पाहावं. नोंदणी करताना पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल सल्लागाराचाच टाकलेला, असं लहान व्यापाऱ्यांच्या बाबतीत सर्रास असतं. नोटीस त्याच्याकडे जाते, पोर्टलवर पडून राहते, उत्तराची तारीख टळते आणि एकतर्फी आदेश निघतो. अपील केलं तर विलंबाचं कारण लिहावं लागणार आणि त्यात कुणाच्या हातून काय राहिलं तेही येणार. अशा वेळी 'शेठ, भरून टाका, कशाला डोक्याला ताप' हे वाक्य फार मायेने येतं. ते आलं की चलनावर सही करण्याआधी पोर्टलवर स्वतः लॉगिन करून बघावं, आदेश कोणत्या तारखेला चढला आणि चार महिन्यांतले किती दिवस अजून शिल्लक आहेत.