बोकड कुंथतोय? आधी लघवी बघा

बकरी ईदसाठी बोकड तयार करणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. बोकड पाठ वाकवून उभा राहतो, शेपटी सारखी हलवतो, दात खातो, कुंथतो, मागच्या पायाने पोटावर लाथ मारतो. आपण लगेच म्हणतो, पोट धरलंय. मग गोडेतेल पाजायचं, पोट चोळायचं, सकाळपर्यंत वाट बघायची. यातल्या कितीतरी बोकडांचं पोट बिघडलेलंच नसतं. लघवी तुंबलेली असते, आणि तुंबलेल्या लघवीला सकाळपर्यंतची सवड नसते.

ओळखणं अवघड नाही. लघवीच्या तोंडाशी असलेले केस बोटांनी चोळून बघा. केस कोरडे ठणठणीत असतील, वाळूसारखे कण हाताला लागत असतील, थेंबथेंब किंवा रक्ताळ लघवी येत असेल, तर तो मूतखडा समजा. बोकडाच्या शिश्नाच्या टोकाला दोऱ्याएवढी बारीक नळी लोंबत असते. खडा बहुतेकदा तिथेच अडकतो, नाहीतर आत शिश्नाला जे नागमोडी वळण असतं तिथे. शेळीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, म्हणून तिला हा त्रास सहसा होत नाही.

अशा वेळी खूप पाणी पाजू नका, लघवी सुटायचं औषध मनाने देऊ नका. वाट बंद असताना वरून भरत राहिलं की मूत्राशय फुटतं. फुटल्यावर बोकड थोडा वेळ शांत होतो, घरच्यांना वाटतं बरा झाला; मग पोट खालून पाण्याने भरतं आणि तो जातो. तार, काडी तर अजिबात घालू नका. खडा टोकाच्या नळीत असेल तर डॉक्टर ती नळी कापून लघवी मोकळी करतात, आणि त्यानंतरही पैदाशीचा बोकड कामाला येतो. उशीर झाला तर मोठी शस्त्रक्रिया, तीही यशस्वी होईलच असं नाही.

मूळ आपल्या दावणीत आहे. वजन लवकर वाढावं म्हणून मका, गहू, कोंडा ओंजळी भरभरून घालतो. या खाद्यात स्फुरद जास्त, कॅल्शियम कमी. आहारात कॅल्शियम स्फुरदाच्या साधारण दुप्पट हवं. म्हणून पोट चाऱ्यानेच भरू द्या: कडबा, झाडपाला, सोबत थोडा लसूणघास. नुसत्या लसूणघासावरही ठेवू नका, त्यानेही वेगळ्या जातीचे खडे होतात. भरड्यात मीठ हवं, म्हणजे तहान लागते. थंडीत बोकड गार पाण्याला तोंड लावत नाही, तेव्हा कोमट पाणी ठेवा.

खच्चीकरणाची घाई हे दुसरं कारण. नराच्या संप्रेरकांवरच शिश्न आणि मूत्रमार्गाची वाढ होते. करडू फार लहान असताना खच्ची केलं की मूत्रमार्ग अरुंदच राहतो. निदान चार-पाच महिने थांबा आणि भूल देऊन डॉक्टरांकडूनच करून घ्या. तोवर पाटींपासून त्याला वेगळं बांधा, कारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच काही करडं माजावर येतात.

दवाखाना लांब असेल तर पशुवैद्यकीय सेवेच्या 1962 या मोफत क्रमांकावर फोन लावा. ‘पोट फुगलंय’ एवढंच सांगू नका. शेवटची धार कधी मारली, ते पहिल्यांदा सांगा.