ओवाळणी आणि बियाणे

गेल्या भाऊबीजेला मी लाखांदूरला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिने ओवाळले आणि मी ताटात पाकीट टाकणार तोच म्हणाली, "दादा, यंदा पैसे नको. पोराले तेवढं समजावून सांग."

पोराजवळ दोन नेमणूकपत्रे होती. एक पुण्यातल्या जुन्या, नावाजलेल्या कंपनीच्या वित्त विभागाचे. दुसरे नागपुरात चार तरुणांनी काढलेल्या नव्या कंपनीचे, जिला आजकाल स्टार्टअप म्हणतात. पहिल्यात भरघोस पगार. दुसऱ्यात त्याच्या निम्मा आणि वर कंपनीच्या शेअरचे आश्वासन. बहिणीला माझ्या तोंडून पहिल्याची शिफारस हवी होती. मी ती केली नाही. मग फराळाच्या ताटावर जो गहजब झाला त्याचे उत्तर आज येथे देतो. कारण, वाचकहो, हा गहजब तुमच्याही घरी होत असेल.

'पक्की नोकरी' हे आपण घराघरांत मांडलेले दैवत आहे. पण ते नवसाला पावतेच असे नाही. आमच्या विदर्भात या दैवताचे नाव एके काळी एम्प्रेस मिल असे होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी ती नागपुरात सुरू केली, तेव्हा तो निव्वळ धाडसाचा मामला होता. गिरणी काढावी तर मुंबईत, ही त्या काळची शहाणी रीत. जमशेटजींनी ती कापूस पिकतो तेथे आणली. पुढे तिने कितीतरी घरे पिढ्यान्पिढ्या पोसली. १९८६ साली टाटांनी हात काढून घेतला, मग ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली तिचे दार कायमचे लागले. कालचे धाडस आजची पक्की नोकरी होते आणि आजच्या पक्क्या नोकरीला उद्या कुलूप लागते! वित्ताच्या धंद्यातला दाखला तर अगदी ताजा आहे. आयएल अँड एफएस या मुंबईच्या बड्या संस्थेला पतमापनवाल्यांनी सर्वोच्च श्रेणी दिली होती. २०१८ साली तीच कर्जफेड चुकवू लागली.

मात्र दुसऱ्या बाजूच्या ढोलताशांनीही मी भुललेलो नाही. जानेवारी २०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया' सुरू झाल्यापासून 'तरुणांनो, उडी घ्या' म्हणणारे उदंड झाले. पण त्यांतले बहुतेक काठावर उभे असतात. बायजूज या कंपनीचे मोल २०२२ साली २२ अब्ज डॉलर लावले गेले होते. २०२४ साली ती दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. निम्म्या पगारावर राबणारा पोरगा अशा धंद्याचा धोका अंगावर घेतो. मग नफ्यात त्याचा वाटा किती? शेअरचा हक्क कागदावर मिळाला तरी कंपनी कायद्याच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे तो निदान एक वर्ष हाती लागत नाही. आणि ते शेअर विकत घेणारा कोणी नसेल, तर तो कागद रद्दीच्या भावाचा! धोक्यात भागीदार आणि नफ्यात नोकर, याला मी साहस म्हणत नाही, वेठ म्हणतो.

भाऊजी म्हणाले, "आपण धानवाले शेतकरी. आपल्याले धोका परवडत नाही."

मला हसू आले. मी म्हणालो, "भाऊजी, मृगात पऱ्हे टाकता तेव्हा पावसाची हमी कोण देतो? २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, तालुक्यातले धान पाण्याखाली गेले. पुढल्या मृगाला तुम्ही घरी बसलात काय? तुमच्याएवढा धोका पुण्या-मुंबईचा कोणता शेठ घेतो?"

ते गप्प झाले. पण खरा धडा त्यांच्याच घरात होता. शेतकरी सारे दैवावर सोडील, पण पेरणीचे बियाणे कांडून खाणार नाही. ते कोठीत राखायचे आणि मगच आभाळाकडे पाहायचे. धोका घेण्याची हीच रीत आहे, आणि तीच आपण पोरांना शिकवत नाही. आपण एक तर 'पेरूच नको' म्हणतो, नाही तर कोठी रिकामी करून टाळ्या पिटतो.

म्हणून भाच्याला मी एवढेच सांगितले : शिक्षणाच्या कर्जाचे वर्षाचे हप्ते आधी बाजूला काढ, शेअरचा आकडा आणि मुदत लेखी घे, परत फिरायची तारीख आजच ठरव, आणि मग खुशाल नागपूरला जा. मी स्वतः तीस वर्षे पक्की नोकरी केली. तिने मला घर दिले, तिचा मी ऋणी आहे. पण ती मी निवडली नव्हती, भीतीने पत्करली होती. अशा माणसाने काठावरून उपदेश करू नये. तेव्हा ते पाकीट मी खिशात परत ठेवले नाही. हप्त्यांत जे कमी पडत होते ते माझ्याकडून, हीच ओवाळणी, असे सांगून ताटात टाकले. पोराला 'जा' म्हणणाऱ्याने कोठीत मूठभर तरी धान टाकावे, आणि 'नको' म्हणणाऱ्याने आपली भीती पोराचे कर्तव्य म्हणून त्याच्या गळ्यात बांधू नये.

भाचा नागपूरला गेला. शेअरचा कागद त्याने लेखी घेतला आहे. कंपनी अजून उभी आहे. पुढच्या दिवाळीला असेल की नाही, मी सांगू शकत नाही. बहीण अजून थोडी रागावलेली आहे. पण हप्ता एकही चुकलेला नाही, आणि यंदाच्या भाऊबीजेला तिने मला बोलावले आहे.